घर कोणाच्या घड्याळाने निवडावे?

मार्च सरत आला की शाळांच्या परीक्षा आटोपतात आणि शहरात घरे बदलण्याचा हंगाम सुरू होतो. भाडेकरारांची मुदत संपत आलेली असते आणि जूनमध्ये शाळेची घंटा वाजण्याआधी बिऱ्हाड हलवणे सर्वांनाच सोयीचे असते. या दिवसांत दवाखान्यात रक्तदाब मोजून झाल्यावर, औषधांची चिठ्ठी हाती पडल्यावर, खुर्चीवरून उठता उठता पुष्कळ जण एक प्रश्न विचारतात, "डॉक्टर, बंगल्याचा तळमजला मिळतोय आणि जवळपास तेवढ्याच भाड्यात मोठ्या सोसायटीत फ्लॅटही मिळतोय. मुलांच्या दृष्टीने काय बरे?"

प्रश्न घराचा असला तरी तो डॉक्टरला विचारण्यात वावगे काही नाही. तान्हे मूल, गर्भवती स्त्री आणि वयोवृद्ध माणूस यांचा दिवस ज्या भिंतींच्या आत जातो, त्या भिंतींचा त्यांच्या प्रकृतीशी जवळचा संबंध असतो. मात्र 'स्वतंत्र घर की सदनिका' एवढ्या दोन शब्दांत या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. त्याआधी एक वेगळाच प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे या घरात सर्वाधिक वेळ कोण राहणार आहे?

घर पाहायला बहुधा कमावते जोडपे जाते, तेही रविवारी सकाळी अकरा वाजता. त्या वेळी ऊन छान पडलेले असते, रस्ता शांत असतो, नळाला पाणी असते आणि दलाल गोड बोलत असतो. पुढे प्रत्यक्षात त्या घरात दिवसभर राहणारी माणसे निराळी असतात. घराची निवड करणारे घरात सर्वांत कमी वेळ असतात आणि ज्यांना ते चोवीस तास सोसायचे असते त्यांचे मत क्वचितच विचारले जाते. वाढत्या कुटुंबाच्या घरशोधातील बहुतेक चुका या एका विसंगतीतून जन्म घेतात.

कागदावरचे चोवीस तास

गेल्या वर्षी एक दांपत्य याच पेचात होते. त्यांना चार वर्षांची मुलगी होती आणि दुसऱ्या खेपेचा सातवा महिना चालू होता. साताऱ्याकडील गावाहून सासूबाई कायमच्या राहायला येणार होत्या. त्यांचे वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे झिजलेले, आणि चुलीच्या धुरात आयुष्य काढल्यामुळे जडलेला श्वासाचा विकार. एका शयनगृहाचे चालू घर अर्थातच अपुरे पडणार होते. समोर दोन पर्याय होते. एक होता सहकारनगरमधील जुन्या बंगल्याचा तळमजला. तिथे पुढे अंगण, मागे आंब्याचे झाड आणि सुनेचे माहेर बिबवेवाडीत, हाकेच्या अंतरावर. दुसरा होता वाकडच्या एका गृहसंकुलात नवव्या मजल्यावरील सदनिका. पतीची कचेरी हिंजवडीत असल्याने त्याला ती सोयीची होती.

मी त्यांना घरातील प्रत्येकाचे चोवीस तास कागदावर मांडायला सांगितले आणि त्यांत जागेपणी घरात असण्याचे तास वेगळे काढायला सांगितले. आकडे असे निघाले : पती पाच तास, पत्नी प्रसूतीची रजा संपल्यावर नऊ, मुलगी आठ, आजी चौदा. बाळाचा तर जवळजवळ सारा दिवस घरातच जाणार होता. म्हणजे हिंजवडीचे अंतर हा ज्याच्या दृष्टीने निर्णायक मुद्दा होता, त्याच्या वाट्याला घराचा सर्वांत लहान तुकडा येत होता. पुढचे सारे मुद्दे आम्ही या कागदाच्या कसोटीवर तपासले. वाचकांनाही ते उपयोगी पडावेत म्हणून येथे क्रमाने मांडतो.

पाणी : किती, कुठले आणि कशात साठवलेले

नगरनियोजनात दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण धरले जाते. पाच जणांच्या कुटुंबाला त्या हिशेबाने ६७५ लिटर लागते, आणि तान्ह्या बाळाची दुपटी आली की गरज वाढते. तेव्हा पाणी महापालिकेचे की कूपनलिकेचे, एप्रिल-मे महिन्यांत टँकर मागवावा लागतो का, टाकी शेवटची कधी धुतली, हे प्रश्न भाड्याच्या रकमेआधी विचारावेत. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि तपासात दूषित पाण्याचा संबंध पुढे आला. त्यामुळे इमारत नवी आहे, दिमाखदार आहे, यावरून तिथल्या पाण्याबद्दल निर्धास्त होऊ नये. पाणी कुठूनही येवो, बाळासाठी आणि आजारी माणसासाठी ते खळखळून उकळलेलेच असावे.

पाणी अपुरे असले की पिंपे भरून ठेवली जातात आणि तिथे डेंग्यूचा डास येतो. हा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळण्यामागचे गणित हेच. अंगणातले जुने टायर, नारळाच्या करवंट्या, झाडांच्या कुंड्यांखालच्या ताटल्या ही स्वतंत्र घराची दुखणी खरी. पण ताटली नवव्या मजल्याच्या बाल्कनीतही असते, म्हणून उंचीवर डास नाहीत या भ्रमात राहू नये. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण आढळले, त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या. ज्या घरात पाळणा हलायचा आहे तिथे खिडक्यांना जाळ्या असणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

हवा, ओल आणि न दिसणारा धूर

पुण्यात पावसाळा चार महिने मुक्कामाला असतो आणि जुन्या बैठ्या घरांच्या भिंती तो विसरत नाहीत. ओलीतून बुरशी धरते आणि बुरशीचे सूक्ष्म कण श्वासावाटे गेले की दमेकऱ्याचा दमा उसळतो. लहान मुलांचा खोकला हटत नाही. घर दाखवण्यापूर्वी मालक रंग काढतो, म्हणून रंगावर जाऊ नये. एकच भिंत ताजी रंगवलेली असेल तर तिच्याबद्दल अवश्य विचारावे. कपाटाच्या मागे, न्हाणीघराच्या सामाईक भिंतीवर, छताच्या कोपऱ्यात हात फिरवून पाहावा. दारे-खिडक्या दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा आत यावे. कुबट वास आला तर उत्तर मिळाले. सदनिकेत हीच ओल वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातून झिरपते, तेव्हा तिथे छताकडे विशेष लक्ष द्यावे.

जुन्या घरात रंगाचे पापुद्रे निघत असतील तर आणखी एक सावधगिरी हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते आणि रांगणारे मूल खाली पडलेली प्रत्येक वस्तू तोंडात घालते. शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. असे रंग खरवडण्याचे काम आई व मूल घरात नसतानाच उरकून घ्यावे.

उंच इमारतींचा शत्रू वेगळा असतो. डक्टमध्ये आणि वातानुकूलन यंत्राच्या मागे कबुतरे वस्ती करतात. त्यांची वाळलेली विष्ठा व पिसांची धूळ सतत श्वासात गेल्याने काही जणांना 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस' हा फुप्फुसांचा विकार जडतो. वेळीच ओळखला नाही तर त्याचे व्रण कायमचे राहतात. ज्या खिडकीखाली पाळणा किंवा आजीचे अंथरूण येणार, तिच्या बाहेर डोकावून पाहिल्याखेरीज होकार देऊ नये.

सर्वांत घातक गोष्ट मात्र दिसतही नाही आणि तिला वासही नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू असला की तेथील प्राणवायू घटतो आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. डोके जड होणे, गरगरणे, आणि कडी आतून लावलेली असताना शुद्ध हरपणे हा त्याचा क्रम आहे. गर्भातील बाळाला या वायूची बाधा विशेष होते. घर कोणतेही असो, गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा किंवा विजेचा गिझर वापरावा. ही अट मालकाला पटत नसेल तर ते घर सोडून द्यावे, असेच मी सांगतो.

उंची, जिना आणि कठडा

गुडघे झिजलेल्या माणसाला तळमजला वरदान वाटतो आणि बहुतांशी तो असतोही. परंतु तळमजल्याला पाण्याचा इतिहास असतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर दक्षिण पुण्यातील कित्येक घरांत शिरला होता आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत नदीचे पाणी घुसले होते. ओढा किंवा नदी जवळ असेल तर पाणी कुठवर आले होते हे शेजारच्या जुन्या रहिवाशाला विचारावे. त्याला ते बोटाने दाखवता येते. पुराच्या आणि उंदरांच्या पाण्याबरोबर लेप्टोस्पायरोसिससारखे आजार येतात, हेही विसरू नये.

उंच मजल्यावर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, लिफ्ट. वीज गेल्यावर ती जनित्रावर चालते का, आणि स्ट्रेचर तिच्यात मावते का? रात्री दोन वाजता १०८ ची रुग्णवाहिका खाली येऊन उभी राहिली तरी नवव्या मजल्यावरील माणूस तिच्यापर्यंत पोहोचायचा असतो. दुसरी, बाल्कनीचा कठडा. आडव्या सळ्या म्हणजे लहान मुलाच्या दृष्टीने शिडीच. सळ्या उभ्या असाव्यात आणि दोहोंतील अंतर दहा सेंटिमीटरपेक्षा कमी असावे. कठड्याजवळ स्टूल, कुंडी, कपड्यांची बादली काही नको. खिडक्यांना जाळी जरूर बसवावी, पण आगीच्या प्रसंगी बाहेर पडता येईल असा उघडणारा भाग तिच्यात ठेवावा.

अंगण आणि शेजार

एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दमछाक होईल असे खेळावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. घराबाहेरच्या उजेडात घालवलेला वेळ मुलांना लघुदृष्टीपासून काही अंशी जपतो, असेही दिसून आले आहे. या बाबतीत स्वतंत्र घर पुढे असते, कारण दार उघडले की मूल अंगणात असते. संकुलात बाग, घसरगुंडी, सायकलची वाट असे सारे असले तरी मुलाला खाली घेऊन जाणारे मोठे माणूस लागते. ते रोज संध्याकाळी उपलब्ध असेल का, हा खरा प्रश्न. उलट अंगणातच मोटार उभी करण्याची जागा असेल तर मागे येणाऱ्या गाडीला मूल दिसत नाही, हा धोकाही ध्यानात घ्यावा.

शेजाराचा विचार आपण आरोग्याच्या यादीत धरत नाही, तो धरायला हवा. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच स्त्रियांना नैराश्य घेरते. त्यावर उपचार आहेतच, पण दुपारी दोन वाजता बाळ हाती घेऊन "तू जरा पड" म्हणणारे माणूस जवळ असणे हाही मोठा आधार असतो. गावात सतत दारात माणसे पाहिलेल्या वृद्धांनाही शहरातील बंद दार खायला उठते. घर पाहायला जाल तेव्हा शेजारच्या घराची बेल वाजवून दोन शब्द बोलावे. पाणी, ओल, आवाज यांची माहिती मिळते आणि माणसे कशी आहेत तेही कळते.

अंतर आणि पैसा

वाहतुकीच्या कोंडीत दररोज गेलेले दोन तास कुठून तरी वजा होतात. बहुधा ते झोपेतून, व्यायामातून आणि मुलांच्या वाट्यातून जातात. म्हणून कमावत्या माणसाचे घड्याळ अगदीच मोडीत काढू नये. पैशाचा हिशेब मात्र उलट्या बाजूने मांडावा. दूध, फळे, भाज्या, आजीची औषधे, लसीकरण, आरोग्य विम्याचा हप्ता, घरकामाच्या ताईंचा पगार हे आधी बाजूला काढावे आणि उरेल त्यातून भाडे व देखभाल खर्च भागतो का ते पाहावे. पोहण्याच्या तलावापायी फळांवर गदा येत असेल तर तो तलाव महाग पडला.

त्यांनी काय केले

ते दांपत्य सहकारनगरचे घर पुन्हा पाहायला गेले, या वेळी आजींना घेऊन. आजींना अंगण इतके आवडले की त्या पायरीवर बसूनच राहिल्या. "रोज जमिनीला पाय लागायला हवा मला," असे त्या म्हणाल्या. परंतु शयनगृहाची उत्तरेकडील भिंत तेवढी नव्याने रंगवलेली होती. शेजारच्या काकूंनी सांगितले की दर पावसाळ्यात तिच्यातून पाणी झिरपते आणि आधीच्या भाडेकरूंनी त्याच कारणाने घर सोडले. आजींच्या फुप्फुसांना ती भिंत झेपणारी नव्हती आणि मालक दुरुस्ती पावसाळ्यानंतर करू म्हणत होते. बाळ तर पावसाळ्यातच यायचे होते.

वाकडच्या नवव्या मजल्यालाही नकार मिळाला. डक्टमध्ये कबुतरे होती आणि कठडा आडव्या सळ्यांचा होता. मात्र त्याच संकुलात दुसऱ्या मजल्यावरील एक सदनिका थोड्या अधिक भाड्याने मिळाली. तिचा कठडा उभ्या सळ्यांचा होता आणि बागेकडे उघडणारी खिडकी स्वच्छ होती. लिफ्ट बंद पडली तर आजींना थांबत थांबत जिना उतरता येत होता. संकुलाला उन्हाळ्यात टँकर लागतो हे मात्र त्यांना स्वीकारावे लागले. सर्वांत मोठी किंमत सुनेने मोजली. ऐन बाळंतपणात माहेर शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिच्या आई दोन महिने येऊन राहिल्या, तरीही "पाच मिनिटांत आई" हे सुख गेलेच. त्या बदल्यात पतीचे रोजचे सुमारे दोन तास वाचले आणि संध्याकाळी मुलीला बागेत न्यायचे काम त्याच्याकडे आले. आजी तिच्याबरोबर सकाळ-संध्याकाळ हिरवळीवर अनवाणी चालतात. आंब्याच्या झाडाची आठवण त्या अजूनही काढतात.

सर्व बाजूंनी निर्दोष घर कोणालाच मिळत नाही. कोणती उणीव आपल्या घरातील सर्वांत नाजूक प्रकृतीला सोसवणार नाही, एवढे आधी ठरवले की बाकीच्या उणिवांशी जुळवून घेता येते. त्यांच्या घरात ती उणीव ओल होती. दुसऱ्या एखाद्या कुटुंबात, जिथे कोणालाही श्वासाचा त्रास नाही पण घरात व्हीलचेअर आहे, तिथे हाच तळमजला योग्य ठरला असता.

सही करण्यापूर्वी

घर तीन वेळा पाहावे : एकदा कामाच्या दिवशी सकाळी सात-आठच्या सुमारास, पाणी व रहदारी कळावी म्हणून, एकदा दुपारी, ऊन व वारा कळावा म्हणून, आणि एकदा रात्री नऊनंतर, आवाज व उजेड कळावा म्हणून. शक्य असेल तर एक फेरी पाऊस पडून गेल्यावर मारावी. यांपैकी किमान एका वेळी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला सोबत न्यावे आणि ती जिना कसा चढते, न्हाणीघरात कशी वळते, शौचालयात कमोड आहे की नाही, हे शांतपणे पाहावे.

ओलीची दुरुस्ती, गिझरची जागा, जाळ्या आणि टाकीची सफाई यांची आश्वासने तोंडी राहू देऊ नयेत, ती करारात लिहून घ्यावीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांचीच मुदत ठेवली पाहिजे असा काही दंडक नाही. लहान मुले व वृद्ध असलेल्या कुटुंबाने दोन-तीन वर्षांची मुदत मागून पाहावी. दरवर्षी शाळा, डॉक्टर आणि शेजार बदलण्याचा ताण मुलांनाही होतो आणि वृद्धांनाही, फक्त ते तो बोलून दाखवत नाहीत.

येत्या आठवड्यात घर पाहायला निघणार असाल तर त्याआधी एक साधा कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचे चोवीस तास मांडा. ज्याचे तास सर्वाधिक भरतील, त्याला विचारून मगच अनामत रकमेचा धनादेश लिहा.